गावात प्रकल्प येतोय म्हणे? मग आधी फाईल उघडा

मंडळी, कोकणात प्रकल्पाची बातमी पेपरात यायच्या आधी टपरीवर येते. कुणीतरी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अनोळखी गाडी फिरताना बघतो, कुणाच्या तरी चुलतभावाला मुंबईत फोन येतो की तुमची ती कातळाची पड द्यायची आहे का, तलाठ्याकडे एकदम सातबारा काढणाऱ्यांची गर्दी होते, आणि मग कोण म्हणतो रिफायनरी, कोण म्हणतो पोर्ट, कोण म्हणतो छे रे रिसॉर्ट आहे. पुढच्या पंधरवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर गावातले विरुद्ध चाकरमानी, या पक्षाचे विरुद्ध त्या पक्षाचे असं सुरू होतं आणि एका गावाची दोन गावं होऊन बसतात.

आपला सरकारवर विश्वास नाही आणि कंपनीवर तर त्याहून नाही, हे आपण सगळेच बोलतो. पण प्रांत ऑफिसात "विश्वास नाही" याला आवक नंबर पडत नाही. लेखी हरकतीला पडतो. म्हणून हा सगळा प्रपंच. प्रकल्प हवा असलेल्यांनीही वाचा, कारण जमीन देणाऱ्यालाच कागद जास्त लागतात.

आणि हो, अविश्वासाला कारणं आहेत, उगाच कोकणी माणूस संशयी वगैरे बोलू नका. चरीचा संप आठवा, अलिबागकडे १९३३ ते ३९ कुळांनी खोतांची शेतं पेरली नाहीत, म्हणजे ही तऱ्हा काही आजची नाही. एन्रॉन ही अमेरिकन वीज कंपनी गुहागरात आली, समुद्रात बुडवू म्हणणारे १९९५ ला सत्तेत आले, करार रद्द केला, मग परत बोलणी केली, प्रकल्प झालाच, आणि २००१ मध्ये वीज परवडत नाही म्हणून वीज मंडळाने घेणं बंद केलं आणि वर्षअखेर कंपनीच दिवाळखोरीत. अंजनवेल-वेलदूरवाल्यांची जमीन मात्र गेली ती गेलीच. रत्नागिरीत अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी सत्तरच्या दशकात जमिनी घेतल्या, कारखाना आलाच नाही. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना १९९३-९४ मध्ये रत्नागिरीकरांनी हटवला, तो तुतिकोरिनला गेला आणि २०१८ मध्ये तिथे गोळीबारात १३ माणसं गेली. नाणारला रिफायनरीची २०१७ मध्ये अधिसूचना, २०१९ मध्ये रद्द, आणि विरोध करणाऱ्या पक्षाच्याच मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये केंद्राला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. आता यानंतर कुणी म्हणालं की नेत्यावर विश्वास ठेवा तर माणसाने हसायचं की रडायचं. कोकणचा कॅलिफोर्निया करणार होते ते राहू द्या, मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, दर गणपतीला कंबर मोजून घेते.

असो. कामाला लागू.

सातबारा, आज रात्रीच

महाभूमीच्या डिजिटल सातबारा साईटवर जा, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयात मिळतो, तो काढा. सोबत आठ-अ (खात्याचा उतारा), आणि सातबाऱ्यावर दिसणारे सगळे फेरफार नंबर लिहून ठेवा, जुने फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नकला म्हणून काढायला लागतात. साधा बिनसहीचा उतारा फक्त बघण्यापुरता, तो कुठे लावू नका.

आता तो नीट वाचा. आपल्याकडचा सातबारा बहुतेक असा असतो: क्षेत्र दीड हेक्टर, त्यातलं सव्वा हेक्टर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नाही अशी नोंद. नावं म्हणाल तर सर्वात वर आजोबा, जे जाऊन जमाना झाला. खाली थोरल्या काकांच्या नावापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि बाकी भावांची नावंच नाहीत. आणखी खाली एका नावापुढे "अ.पा.क.", अज्ञान पालनकर्ता, म्हणजे तेव्हा तो मुलगा लहान होता म्हणून आईचं नाव पालक म्हणून लागलं, तो "अज्ञान" मुलगा आता डोंबिवलीत रिटायर होऊन नातवंडं सांभाळतोय. आत्यांची नावं नाहीत. इतर हक्कात कुणा कुळाचं नाव आहे, ते कोण ते गावात कुणालाच आठवत नाही.

ही अशी जमीन दलालाला फार आवडते. कारण ज्याचं नाव एकट्याचं दिसतं त्याला गाठलं की झालं, आणि बाकीचे मुंबई-पुण्यात भांडत बसतात. मोबदल्याची नोटीससुद्धा सातबाऱ्यावरच्या नावालाच निघते. आजोबांच्या नावाची नोटीस दाराला चिकटवून जातात, दार बंद, घर बंद, मुदत संपली. म्हणून पहिलं काम वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, हे तलाठ्याकडे द्या किंवा ई-हक्क या ऑनलाईन पोर्टलवर टाका. २०२५ मध्ये सरकारनेच जिवंत सातबारा म्हणून मोहीम काढली होती मेलेल्यांची नावं कमी करायला, तेव्हा ऑफिसात हे काही नवीन नाही, "होत नाही" असं कुणी बोललं तर लेखी द्या म्हणा. नोंद घातली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतो. बहिणींना वगळू नका, २००५ नंतर मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि वगळलेली बहीण हीच पुढे दलालाची पहिली गिऱ्हाईक होते. राग येईल कुणाला पण आहे ते आहे.

दुसरं, जे कमी लोकांना माहीत आहे. पोटखराब्यावर तुमची हापूसची कलमं असतील, काजू असेल, विहीर असेल, गोठा असेल, आणि नमुना बारावर (सातबाऱ्याचा पिकांचा भाग) त्यातलं काहीच नसेल, तर कागदावर तो नुसता कातळ आहे. सरकारी अहवालात मग "पडीक जमीन" येतं ते इथूनच येतं. ई-पीक पाहणीचं अॅप घ्या, फोटोसकट कलमं नोंदवा, दर हंगामाला. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर घ्या, गोठ्याची ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला. संयुक्त मोजणी होईल तेव्हा झाडं मोजायला माणसं येतात, त्यावेळी घरचा कुणीतरी हजर पाहिजे, कलमाला कलम म्हणून लिहून घ्या, "झाड एक" असं लिहिलं तर सही करू नका. पंचनाम्याची नक्कल तिथल्या तिथे मागा, निदान मोबाईलवर फोटो तरी काढा.

दलाल

येवा कोकण आपलाच आसा हे काही लोकांनी फारच मनावर घेतलं. नाणार आणि बारसू दोन्हीकडे प्रकल्प जाहीर व्हायच्या आधीच बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवल्याचे आरोप झाले होते. तुमच्या गावात तसं चाललंय का हे टपरीवर बसून कळणार नाही, नोंदणी विभागाच्या साईटवर गावाच्या नावाने सूची दोन शोधा, कोणत्या गटाची खरेदी कुणी कितीला केली ते दिसतं. एकच माणूस किंवा एकच कंपनी पाच-सहा व्यवहारात दिसली की समजायचं.

विकायची असेल तर विका, तुमची जमीन आहे, इथे मी भावनेच्या गोष्टी सांगणार नाही. पण कुलमुखत्यारपत्र देऊ नका. थोडा विसार हातावर ठेवून साठेखत करतात, मुदत मोघम, आणि सोबत "एक साधी सही" म्हणून कुलमुखत्यार. तो पुढे तुमच्या नावाने सगळं करू शकतो. आणि घेणारा शेतकरी आहे का त्याचा दाखला मागा, आपल्याकडे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही.

कोणत्या कायद्याखाली घेतायत ते आधी विचारा

लोक २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं बोलतात, ७० टक्के संमती, ८० टक्के संमती. ती संमती खाजगी आणि भागीदारीतल्या प्रकल्पांना आहे, आणि एमआयडीसीने घेतली तर वेगळाच कायदा लागतो, १९६१ चा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून एमआयडीसीसकट काही राज्य कायद्यांना संमती आणि सामाजिक परिणामाच्या अटीतून बाजूला काढलं. त्यामुळे सभेत कुणी पुढारी "७० टक्के संमतीशिवाय सुईच्या टोकाएवढी जमीन जाणार नाही" म्हणाला तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, कुठल्या कायद्याने?

एमआयडीसीमध्ये तुमच्या हातातली मुख्य गोष्ट म्हणजे कलम ३२(२) ची नोटीस. ती आली की जमीन का घेऊ नये ते लेखी सांगायची संधी आहे, मुदतीत. ही हरकत प्रत्येक खातेदाराने वेगवेगळी द्यायची. एकच छापील मजकूर आणि खाली पाचशे सह्या असला अर्ज एका ओळीत निकाली निघतो. स्वतःचा गट नंबर, स्वतःची कलमं, विहीर, घर, देवस्थानची वाट, गुरांचं चरण, पाण्याचा झरा, जे तुमचं आहे ते लिहा. भाषा साधी चालते, वकिली मराठी लागत नाही.

आणि संमतीपत्र. एकदा संमतीने दर मान्य केला की वाढीव मोबदल्याचा रस्ता जवळजवळ बंद. पैसे घ्यायचेच झाले तर "हरकत राखून स्वीकारले" असं सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा. जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी बहुतेकांनी सुरुवातीला चेक घेतले नाहीत, पुढे २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखाचा सुधारित दर आला. आता ते बरोबर की चूक यावर प्रकल्पाच्या माडबन गावातच दोन मतं मिळतील.

आवक टेबल

हे लहान वाटतं पण इथेच निम्मी माणसं हरतात. अर्ज दोन प्रतीत न्यायचा. टेबलवरचे भाऊसाहेब म्हणतील "ठेवून जा, साहेब आले की देतो." ठेवून जायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक नंबर आणि त्यांची सही, चारही गोष्टी. शिक्का पुसट उठला तर परत मारायला सांगायचं, हसून सांगायचं, भांडायचं नाही. सोबतची कागदपत्रं किती पानं ते अर्जावरच लिहायचं, नाहीतर नंतर "जोडपत्र प्राप्त नाही" येतं. नाहीच घेतला तर स्पीड पोस्ट, आणि पोचपावती त्या अर्जालाच टाचणीने लावून ठेवायची. मेल पण टाका. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी "आज आपण फोनवर असं सांगितलंत" असा दोन ओळींचा मेल.

माहिती अधिकार पण असाच. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा ऑनलाईन, उत्तराला तीस दिवस. "प्रकल्पाची सर्व माहिती द्या" असं लिहू नका, "अमुक गावातील अमुक गटांबाबत अमुक तारखेपासून झालेला पत्रव्यवहार आणि मोजणी नकाशाची प्रत" असं लिहा. कागद बघायला स्वतः जायचंही मागता येतं, पहिला तास फुकट, आणि फाईलवरच्या टिपण्या बघा, पत्रापेक्षा टिपणीत खरं असतं. उत्तर नाही आलं तर तीस दिवसात पहिलं अपील. आळस इथे महाग पडतो, मुदत गेली की परत पहिल्यापासून.

ग्रामसभा

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, आपल्याकडे पालघर-ठाण्याचा काही भाग सोडला तर नाही, त्यामुळे ग्रामसभेने नाही म्हटलं की प्रकल्प थांबला असं कायद्याने होत नाही. तरी ठराव पाहिजेच, कोर्टात आणि सुनावणीत तोच दाखवायचा असतो. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. कोरम नाही भरला तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. या एका फटीतून बरंच काय काय पास होतं, तेव्हा तहकूब सभेची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा.

इतिवृत्ताच्या वहीत सही आधी आणि ठराव नंतर असा प्रकार अनेक गावात चालतो. हजेरीची सही वेगळी करा, ठराव सभेत मोठ्याने वाचून घ्या, सूचक-अनुमोदकाची नावं लिहून घ्या, नक्कल मागा. ठरावात नुसतं "तीव्र विरोध" नको, कारणं पाहिजेत. पाणी कुठून घेणार, रसायनं कुठल्या खाडीत सोडणार. लोट्याच्या एमआयडीसीनंतर दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं जे भोगलंय ते लिहा, ते नुसतं ऐकीव नाही. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आहे का बघा, कागदावर असतेच, तिच्याकडून लोकजैवविविधता नोंदवही अद्ययावत करून घ्या. सड्यावरचे झरे, सड्याची फुलं, पक्षी, आणि कातळशिल्पं असतील तर त्यांचे फोटो लोकेशनसकट. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्याच्या आधी कागदावर तो नुसता खडक होता.

जनसुनावणी

पर्यावरणाची जनसुनावणी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, निदान तीस दिवस आधी पेपरात नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत. लोक या सभेला मोर्चा समजून जातात, घोषणा देतात, माईक हिसकावतात, बहिष्कार टाकून निघून येतात. राग समजतो मला. पण इथे कोरम लागत नाही, तुम्ही बाहेर पडलात तरी सुनावणी झालीच, इतिवृत्तात "ग्रामस्थांनी सहभाग घेतला नाही" एवढंच राहतं.

त्यापेक्षा असं करा. नोटीस आली त्या दिवशी ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत अहवाल आलाय का विचारा, लेखी. जैतापूरच्या मे २०१० च्या सुनावणीत गावांची मोठी तक्रार हीच होती की मराठी प्रती वेळेत मिळाल्या नाहीत. मिळाल्या नसतील तर तारखेनिशी तक्रार आधीच आवकला टाकून ठेवा. पूर्ण अहवाल इंग्रजीत हजार-हजार पानी असतो, सगळा वाचायचा नाही. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना वाटून द्या: एकीला पाणी, एकाला मासेमारी, एकाला जमिनीचा वापर. आणि बघायचं एकच, आपल्या गावाबद्दल काय खोटं लिहिलंय. बारमाही वाहणारा पऱ्या "हंगामी" लिहिलेला असतो, वाडी नकाशावर नसतेच, मासळी उतरवायचं बंदर दिसतच नाही. एका चुकीवर एक माणूस, दोन मिनिटं, पान नंबरसकट, हातात फोटो. भाषण नको.

शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच मराठीत वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी सही व्हायची असते. रात्र झाली तरी थांबा. व्हिडिओ सरकार काढतंच, तुम्हीही काढा. पुढे मंजुरी निघाली तर हरित लवादात अपिलाला तीस दिवस, त्यावर कारण दाखवून आणखी साठ, बस. मंजुरी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश साईटवर येते, तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा, तो शक्यतो मुंबईतला चाकरमानी नेमा, नेट तिकडे चांगलं असतं आणि "तुम्ही मुंबईत बसून काय करता" या टोमण्याला उत्तर पण होतं.

मच्छीमारांसाठी वेगळं सांगतो कारण त्यांचं सातबाऱ्यावर काहीच नसतं. समुद्राचा उतारा निघत नाही. होडीची नोंदणी, मासेमारी परवाना, सोसायटीच्या सभासदत्वाची पावती, डिझेल कोट्याची वही, मासळी विकल्याच्या पावत्या, हे सगळं सलग वर्षांचं जपा. रापणीवाल्या, पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका, यांच्याकडे तर तेवढंही नसतं, त्यांची नावं सोसायटीच्या रजिस्टरला आत्ताच लावून घ्या, प्रकल्प जाहीर झाल्यावर लावलेली नावं कोण मानत नाही.

पोलिसांची नोटीस आणि कंपनीची बॅग

आंदोलन तापलं की नोटिसा येतात. गुन्हा होऊ नये म्हणून ताकीद देणारी पूर्वीची १४९ ती आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६८, जमावबंदीची १४४ ती आता १६३. नोटीस आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही, घ्या, तारीख टाकून पोच द्या, वकिलाला फोटो पाठवा. बारसूला एप्रिल २०२३ मध्ये सर्वेक्षणाच्या वेळी जमावबंदी, धरपकड, अश्रुधूर सगळं झालं, बायका रस्त्यावर झोपल्या होत्या. साखरी नाट्याला जैतापूरविरोधी आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक मच्छीमार गेला. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना पुढे करायचं की नाही हे आधी ठरवा, त्या दिवशी नाही. आणि जुने व्हिडिओ आजचे म्हणून फॉरवर्ड करणाऱ्याला ग्रुपमधून काढा, एका खोट्या व्हिडिओने सगळी खरी कागदपत्रं संशयात जातात.

कंपनी गावात यायची ती शाळेच्या दप्तरांतून, आरोग्य शिबिरातून, आणि सगळ्यात हुशारीने म्हणजे देवळाच्या जीर्णोद्धारातून. देणगी घ्यायची की नाही ते मानकरी आणि गावकर ठरवतील, ग्रामदेवतेचा कौल पण लावा हवा तर, पण घेतली तर पावती फाडा आणि पावतीवर "विनाअट" लिहा. सत्काराच्या फोटोत सरपंच कंपनीच्या साहेबाबरोबर नारळ धरून उभा असतो, तोच फोटो पुढे "ग्रामस्थांचा पाठिंबा" म्हणून अहवालात येतो. नोकरीचं आश्वासनही तसंच. "स्थानिकांना प्राधान्य" याला काही अर्थ नाही. किती जागा, कायम की ठेकेदाराकडे, कुठलं शिक्षण, आयटीआयचं ट्रेनिंग कोण देणार, हे करारात आलं तर नोकरी. गावात पोरांना काम नाही हे खरंच आहे, म्हणून तर हे लिहून घ्यायचं.

आपल्या संघर्ष समितीलाही यातून सूट नाही हं. वर्गणीचं पावतीपुस्तक, दोघांच्या सहीचं खातं, महिन्याचा हिशोब ग्रुपवर. समितीतल्या कुणाच्या नावावर सूची दोनमध्ये काही खरेदी दिसते का ते पण बघा, आणि आत्ताच बघा.

फाईलच्या तीन प्रती करा, एक गावात, एक मुंबईच्या मंडळात, एक स्कॅन करून ड्राईव्हवर. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विषयपत्रिकेत प्रकल्पाचा विषय घ्या म्हणून अर्ज त्याच्याही आधी द्यायला लागेल, आणि तुतारी एक्सप्रेसचं बुकिंग दोन महिने आधी फुल होतं, तेव्हा चाकरमान्यांनो, गणपतीची रजा टाकताना ही सभा पण धरून टाका.